जागा मोजल्या, गुरुजी मोजायचे राहिले

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामाच्या कार्यालयात पालकांची वर्दळ सुरू होते. एरव्ही बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा दाखला न्यायला येणारी माणसे या दिवसांत शिफारसपत्र मागायला येतात. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अल्पसंख्याकांसाठी राखलेल्या जागेवर मुलाचा हक्क सांगायचा असतो, आणि मूल आपल्याच चर्चचे आहे असे धर्मगुरूने लिहून दिले तर बरे असते. गेली वीस-पंचवीस वर्षे मी अशी पत्रे देत आलो आहे. त्याला दोन मिनिटे लागतात. सही करावी, शिक्का मारावा, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून 'मोठा हो' म्हणावे आणि पुढच्या पालकाला आत बोलवावे. एवढ्या वर्षांत त्या महाविद्यालयात आपल्या मुलाला शिकवणार कोण, हा प्रश्न एकाही पालकाने मला विचारला नाही. मीही तो कोणाला विचारला नाही.

हा प्रश्न मला ज्याने शिकवला तो माझ्याच धर्मग्रामातील एक तरुण. गेल्या पावसाळ्यात तो चारित्र्याचा दाखला मागायला आला. भिवंडीच्या एका गोदामात नोकरी मिळत होती. ऑनलाइन खरेदीची खोकी ओळीने लावण्याचे काम होते. सहा वर्षांपूर्वी मीच त्याला शिफारसपत्र दिले होते, हे मला आठवत होते. मी म्हटले, "अरे, तू तर मेकॅनिकल इंजिनिअर ना?" तो हसला. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

"फादर," तो म्हणाला, "दुसऱ्या वर्षाला एक प्रयोग असतो. लोखंडाची सळई यंत्रात धरायची, ताणत न्यायची आणि तोडायची. किती भाराला ती लांबली, किती भाराला तुटली, ते टिपून आलेख काढायचा. मी आलेख काढला. सरांनी सही केली. मला गुणही चांगले पडले. पण सळई तुटताना मी कधी पाहिली नाही. यंत्र बंद होते. आकडे आम्ही वरच्या वर्गाच्या जर्नलमधून उतरवले."

त्याच्या वडिलांना मी ओळखतो. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात त्यांनी तीस वर्षे लेथ चालवली. यंत्राचा आवाज बदलला की हत्यार बोथट झाले हे त्यांना न पाहता समजते. दहावीनंतरच्या सुटीत हा मुलगा त्यांच्याबरोबर गाळ्यावर जात असे आणि त्याला तंत्रनिकेतनात पदविका करायची होती. त्या वेळी त्याची आई माझ्याकडे आली. "फादर, तुम्हीच त्याला सांगा. हात काळे करायला का आम्ही त्याला शिकवला?" आणि मी सांगितले. इतके चांगले गुण आहेत तर अकरावी-बारावी करून सरळ पदवीलाच जा, असे मी त्याला बजावले. त्यासाठी वाडीचा एक तुकडा विकला गेला, बँकेचे कर्ज झाले. हा लेख लिहिताना मी कोणाकडे बोट दाखवत असेन, तर त्यातले पहिले बोट माझ्याकडे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एका मुलाच्या अनुभवावरून साऱ्या व्यवस्थेवर आरोप करू नये, हे मला मान्य आहे. म्हणून या व्यवस्थेचा इतिहासच पाहू. त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. आपल्या देशाने अभियांत्रिकीच्या जागा वाढवल्या आणि त्या जागांचा हिशोब चोख ठेवला. परंतु त्या जागांवर बसणाऱ्यांना शिकवणारी माणसे कोठून येणार, याचा विचार कधी मनापासून केला नाही. बाकीचे सारे दोष या एका दोषाच्या पोटी जन्मले आहेत, असे माझे मत आहे.

आधी काम, मग शाळा

आपल्याकडे अभियांत्रिकीचे शिक्षण इंग्रजी अमदानीत आले ते ज्ञानाच्या प्रेमापोटी आले नाही. राज्यकर्त्यांना कालवे, रस्ते, पूल बांधायचे होते. गंगेच्या कालव्याचे काम चालू असताना १८४७ साली रुडकीचे महाविद्यालय निघाले. १८५४ साली पुण्यात बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी मिळावेत म्हणून अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुण्याचे ते नामांकित महाविद्यालय वाढले, जेथे पुढे विश्वेश्वरय्या शिकले. मुंबईत कापडगिरण्यांची धुराडी उभी राहिली तेव्हा १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेची स्थापना झाली. या संस्थांची दृष्टी संकुचित होती, हेतू परकीयांच्या सोयीचा होता. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. शिकणारा मुलगा आणि प्रत्यक्ष चाललेले काम यांमध्ये अंतर थोडे होते. कालवा समोर होता, गिरणी समोर होती, आणि शिकवणारा माणूस बहुधा त्याच कामात मुरलेला असे.

स्वातंत्र्यानंतर आपण मोठी स्वप्ने पाहिली आणि ती उचितच होती. सरकार समितीच्या शिफारशींवरून पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५१ साली खरगपूर येथे सुरू झाली, आणि ती सुरू झाली कोठे? हिजली येथे इंग्रजांनी राजबंदी ठेवण्यासाठी वापरलेल्या बंदिशाळेच्या इमारतीत. जेथे कोठडी होती तेथे वर्ग भरले. इमारत जुनी होती, तिच्यावर कैदखान्याची सावली होती. पण शिकवायला माणसे मिळवली होती. पवईची संस्था १९५८ साली निघाली तेव्हा युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत रशियातून यंत्रसामग्री आली आणि तिच्याबरोबर ती चालवून दाखवणारे तज्ज्ञही आले. कानपूरच्या संस्थेला अमेरिकेतील नऊ विद्यापीठांनी व संस्थांनी मिळून प्राध्यापक पुरवले. आज या संस्थांच्या नावाने सारे जग माना डोलावते. त्या नावामागचे रहस्य एवढेच, की आरंभीच 'शिकवणार कोण' हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी पैसा खर्च केला गेला.

परंतु या संस्था मूठभर होत्या. महाराष्ट्रात कराड आणि तेव्हाचे औरंगाबाद येथे १९६० साली, अमरावतीला १९६४ साली शासकीय महाविद्यालये निघाली. त्यानंतर जागांची वाढ मंदावली. शिकू इच्छिणाऱ्या मुलांची संख्या मात्र वाढतच गेली. ज्यांच्याकडे पैसा होता ते पालक शेजारच्या कर्नाटकात जाऊन देणगी भरू लागले.

वरातीमागून घोडे

या पार्श्वभूमीवर १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. या निर्णयाला आज शिव्या देणे सोपे आहे. मी त्या देणार नाही. आपला पैसा आणि आपली मुले परराज्यात जातात, सरकारजवळ नवी महाविद्यालये काढण्याइतका निधी नाही, तेव्हा समाजाने ती काढावीत, हा विचार मुळात चुकीचा नव्हता. त्याच निर्णयामुळे एस.टी. चालकाची मुलगी, केळीच्या बागेत राबणाऱ्याचा मुलगा अभियंता होऊ शकला. आपल्या वसईतही अशी कितीतरी घरे आहेत जी या दारातून वर आली. जुन्या व्यवस्थेत गुणवत्ता होती असे जे म्हणतात, त्यांनी ती गुणवत्ता किती थोड्यांच्या वाट्याला येत होती हेही सांगावे.

मग चूक कोठे झाली? दार उघडले, पण उंबरठ्यावर पहारेकरी ठेवला नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद १९४५ पासून अस्तित्वात होती. पण ती सल्ला देणारी संस्था होती. तिला कायद्याने अधिकार मिळाले ते १९८७ च्या अधिनियमाने, आणि तो अमलात आला १९८८ साली. म्हणजे महाराष्ट्रात महाविद्यालये निघाल्यावर पाच वर्षांनी त्यांची तपासणी करणाऱ्याच्या हाती काठी आली. देणगीला बंदी घालणारा राज्याचा कायदाही १९८७ चाच. याला मराठीत वरातीमागून घोडे म्हणतात. तोवर शिक्षणसम्राट हा नवा शब्द आपल्या भाषेत रुळला होता. साम्राज्य म्हटले की भूमी आली, वाडे आले, मांडलिक आले. त्यात गुरूला स्थान कोठले असणार?

पुढची पंधरा वर्षे लढाई झाली ती पैशाची. मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने देणगीची प्रथा घटनाबाह्य ठरवली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने विनामूल्य जागा आणि सशुल्क जागा अशी विभागणी केली. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी.एम.ए. पै खटल्यात ती योजना मोडीत काढली, आणि २००५ साली इनामदार खटल्यात विनाअनुदानित संस्थांच्या प्रवेशांवर सरकारचा हात कितपत पोचावा हे ठरले. जागा कोणाच्या, शुल्क किती, कोटा कोणाचा, यावर देशातील श्रेष्ठ वकिलांनी वर्षानुवर्षे युक्तिवाद केले. हे वादही महत्त्वाचेच होते. परंतु जागेवर बसलेल्या मुलासमोर फळ्याजवळ उभा असलेला माणूस कोण आहे, याविषयी कोणी एवढ्या हिरिरीने भांडल्याचे मला आठवत नाही.

मोजपट्टी बदलली

जागांचा हिशोब मात्र पाहण्यासारखा आहे. २०१४-१५ च्या सुमारास पदवी, पदविका व पदव्युत्तर मिळून देशातील अभियांत्रिकीच्या मान्य जागा बत्तीस लाखांच्या घरात गेल्या होत्या. २०२१ साली त्या तेवीस लाखांपर्यंत खाली आल्या. सात वर्षांत सुमारे नऊ लाख जागा नाहीशा झाल्या. त्या आधी निर्माण करताना कोणाला विचारले होते, आणि पुसून टाकताना कोणाला विचारले? २०२० पासून नवी महाविद्यालये काढण्यावर काही काळ बंदी होती. मग वारे फिरले, आणि २०२४-२५ पासून चांगल्या चाललेल्या संस्थांना एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. संगणकाच्या वर्गांना पूर आला. ज्या परिषदेने आधी जागा अधिक झाल्या म्हणून दरवाजे लावले, तिनेच चार वर्षांत खिडक्याही उघडल्या.

आता शिक्षकांचा हिशोब पाहू. परिषदेचा जुना दंडक असा होता की पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. २०१८-१९ च्या नियमावलीत तो वीस विद्यार्थ्यांमागे एक असा झाला. ज्यांना आकडे कोरडे वाटतात त्यांच्यासाठी साधे गणित मांडतो. एका शाखेत दरवर्षी साठ मुले घेतली तर चार वर्षांची मिळून दोनशे चाळीस होतात. जुन्या नियमाने त्यांना सोळा शिक्षक लागत. नव्या नियमाने बारा पुरतात. एका कागदाच्या फटक्यात प्रत्येक शाखेतून चार शिक्षक अनावश्यक ठरले. मुलांचे शिकणे त्या रात्रीत सोपे झाले नव्हते. शिक्षक मिळत नव्हते किंवा नेमले जात नव्हते, म्हणून मोजपट्टीच आखूड केली. वाण्याच्या तराजूत खोट सापडली तर आपण भांडतो. येथे तराजू तपासणाऱ्यानेच वजन हलके केले, आणि कोणी अवाक्षर काढले नाही.

शिवाय हे बारा तरी असतात का? विनाअनुदानित संस्थेचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्यांचे शुल्क, आणि तिचा सर्वांत मोठा नित्याचा खर्च म्हणजे शिक्षकांचे वेतन. काटकसर करायची झाली की हात तिकडेच जातो. मग कंत्राटावर नेमणुका होतात, तासिका तत्त्वावर माणसे बोलावली जातात, उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना कमी केले जाते आणि तपासणी समिती यायची झाली की खुर्च्या भरलेल्या दिसतात. त्या तरुणाने मला सांगितले, की त्याला एका वर्षी जे शिकवत होते ते स्वतः आदल्याच वर्षी शिक्षण पुरे करून आले होते. तीन विषय त्यांच्या माथी मारले होते आणि दिवाळीनंतर बाहेर नोकरी लागताच ते निघून गेले. मी त्या शिक्षकाला दोष देत नाही. घर चालवण्याइतके वेतन नाही, पुढच्या वर्षीची शाश्वती नाही, मग त्याने कोणत्या बळावर थांबावे? पण यातून जे चक्र फिरते ते भयंकर आहे. ज्याने सळई तुटताना पाहिली नाही तो पदवी घेतो, नोकरी न लागल्यामुळे आणखी दोन वर्षे शिकतो, आणि शिक्षक होऊन पुढच्या मुलांच्या न केलेल्या प्रयोगावर सही करतो.

हे धोके कोणाला माहीत नव्हते असेही नाही. डॉ. यू.आर. राव यांच्यासारख्या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ सालीच बेसुमार वाढीबद्दल आणि शिक्षकांच्या टंचाईबद्दल सावध केले होते. २००९ साली परिषदेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवर सीबीआयने लाचखोरीचे गुन्हे नोंदवले. त्याच वर्षी प्रा. यशपाल यांच्या समितीने उच्च शिक्षणातील नियामक संस्थांची सारी रचनाच बदलावी असे सुचवले. अहवाल आले, कपाटात गेले. जागांचे आकडे मात्र दरवर्षी जूनमध्ये ताजे छापून येत राहिले.

तीन प्रतिवाद

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. त्यांना टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की बाजार आपोआप निवाडा करतो. वाईट महाविद्यालये ओस पडतात आणि बंद होतात. होय, ती बंद होतात. परंतु वाईट भाजी फेकून दुसरी आणता येते. वयाची अठरा ते बावीस ही वर्षे पुन्हा आणता येत नाहीत. महाविद्यालय बंद पडले तर संस्थेला जमीन राहते, इमारतीत दुसरा अभ्यासक्रम सुरू करता येतो. मुलाला राहते ते बँकेचे कर्ज. शिवाय हा निवाडा शिकवण्याच्या दर्जावर होतो असेही नाही. तो नोकरीच्या वाऱ्यावर होतो. स्थापत्य आणि यंत्र शाखांचे वर्ग रिकामे झाले ते तेथील शिक्षक वाईट आणि संगणकाचे चांगले म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप उद्योगपतींचा. मुलेच कच्ची असतात, नोकरीयोग्य नसतात, असे ते म्हणतात. २००५ साली नॅसकॉम आणि मॅकिन्से यांच्या अहवालाने सांगितले, की आपल्या अभियंत्यांपैकी चौघांतील एकच परदेशी कंपन्यांच्या कामास योग्य आहे. तेव्हापासून हे वाक्य घराघरांत जपमाळेसारखे म्हटले जाते. परंतु हे माप कोणाचे, हे आपण विचारले का? ते दूरदेशीच्या कंपन्यांना लागणाऱ्या सेवकांचे माप होते. देशाला लागणाऱ्या अभियंत्याचे माप वेगळे आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे थांबली, दिवसचे दिवस वीज नव्हती. आपल्याकडे घरोघरी अभियंते आहेत, आणि तरीही पावसाचे पाणी कोणत्या उताराने खाडीला जाते, भराव कोठे टाकू नये, नाल्याचे तोंड किती रुंद हवे, याचा हिशोब मांडून ग्रामस्थांच्या वतीने बोलणारा अभियंता शोधावा लागतो. ज्या स्थापत्य शाखेने तो घडवायचा, तिच्या जागा रिकाम्या राहत होत्या. कंपन्यांना माणसे कमी पडली म्हणून आपण हळहळलो; गावाला माणसे कमी पडतात, हे आपल्या ध्यानीमनीही नाही.

तिसरा आक्षेप घरचा आहे, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. 'फादर, निदान पदवी तरी आहे ना? लग्नाच्या वेळी, समाजात, त्या कागदाला मान आहे.' मान आहे, हे खरे. म्हणूनच तर तो कागद विकला जातो. मान मिळत नसता तर कोणी तो छापलाही नसता. गाळ्यावरच्या बापाला आपण 'कामगार' म्हणतो आणि त्याच्या न शिकवल्या गेलेल्या मुलाला 'इंजिनिअर' म्हणतो. या दोन शब्दांमधील अंतरावर शिक्षणसम्राटांचे वाडे उभे आहेत. हात काळे होऊ नयेत म्हणून आपण वाडी विकली. हाताला काही शिकवायला हवे होते, याची आठवण आता होते.

आपल्या संस्था आणि आपली जबाबदारी

येथे आपल्या समाजाला वेगळे उभे राहता येणार नाही, कारण या वाढीत आपणही सहभागी आहोत. वांद्र्याचे आग्नेल आश्रम हे मुळात निराधार मुलांना आसरा आणि हाताला कसब देणारे घर. त्या परिवारातून १९८४ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. बोरिवलीला १९९९ साली, कुर्ल्याला डॉन बॉस्को परिवाराचे २००१ साली, माहीमला झेवियरचे २००५ साली, अशी आपली महाविद्यालये वाढत गेली. या वाटचालीत एक क्रम होता, त्याकडे मी आदराने पाहतो. आधी हात, मग हत्यार, मग पुस्तक, आणि सर्वांत शेवटी पदवी. सालेशियन धर्मबंधूंनी देशभर कारागीर घडवणारी केंद्रे चालवली ती याच श्रद्धेने. हा क्रम उलटा झाला, तर आपल्या संस्था आणि शिक्षणसम्राटांच्या संस्था यांच्यात भिंतीवरच्या क्रूसापलीकडे फरक उरणार नाही.

घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. तो आपण प्राणपणाने जपतो आणि जपलाच पाहिजे. परंतु १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात लावण्यासारखे आहे. शुभवर्तमानात प्रभूने बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशोब करतो. नाहीतर पाया घातला जातो, बुरूज अपुरा राहतो आणि येणारेजाणारे हसतात. आपण हिशोब केला तो विटांचा आणि संगणकांचा. शिकवणाऱ्या माणसाचा खर्च आपण त्यात धरला होता का, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला द्यावे.

केवळ दोष दाखवून थांबणे धर्मगुरूला शोभत नाही. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पालकांनी शुल्क भरण्याआधी कामाच्या दिवशी महाविद्यालयात जावे. प्रवेशद्वाराजवळचा दिवाणखाना पाहू नये. प्रयोगशाळा पाहावी आणि यंत्र चालू करून दाखवा म्हणावे. ज्या शाखेत मूल जाणार तिथे कायम शिक्षक किती, आणि त्यांतले पाच वर्षांहून अधिक काळ टिकलेले किती, हे विचारावे. उत्तर व्यवस्थापनाकडून न घेता तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याकडून घ्यावे. राष्ट्रीय मानांकन मंडळ म्हणजे एन.बी.ए. हे मानांकन शाखेला देते, नॅक ते संपूर्ण संस्थेला देते. फलकावर कोणते लिहिले आहे आणि ते आपल्या मुलाच्या शाखेचे आहे का, एवढे तरी वाचून घ्यावे.

दुसरे असे, की तंत्रनिकेतन आणि आय.टी.आय. यांच्याकडे नापासांचे आश्रयस्थान म्हणून पाहणे आपण सोडावे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. ज्याचा हात चालतो त्याची ही वाट अधिक पक्की आहे. ही माहिती व्यासपीठावरून सांगण्यात मी कमी पडलो.

तिसरी सूचना आपल्या संस्थाचालकांना. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी आपल्या शिक्षकांची नावे, त्यांची पात्रता आणि त्यांची त्या संस्थेतील सेवेची वर्षे प्रवेशाच्या फलकाशेजारी लावावीत. चांगल्या संस्थेला यात भीती वाटण्याचे कारण नाही.

चौथी सूचना आपणा सर्वांना. धर्मग्रामांच्या सणांवर, मंडपांवर, रोषणाईवर आपण किती खर्च करतो ते मी सांगायला नको. त्यातला थोडा भाग बाजूला काढून जे हुशार तरुण अभियांत्रिकीचे शिक्षक होऊ इच्छितात त्यांचे पदव्युत्तर शिक्षण आपण चालवावे, आणि त्यांनी काही वर्षे शिकवावे असा त्यांच्याकडून शब्द घ्यावा. धर्मगुरू घडवायला सेमिनरीत वर्षानुवर्षे जातात, पिकलेली माणसे आमच्या मागे उभी केली जातात, तो खर्च कोणाला जड वाटत नाही. शिक्षक मात्र वाऱ्यावर उगवावा, अशी आपली अपेक्षा आहे.

तो तरुण अजून त्या गोदामात आहे. रविवारी मिस्सानंतर कधी भेटतो. वडील निवृत्त झाले. गाळ्याच्या मालकाने लेथ विकून संगणकावर चालणारे यंत्र आणले आहे, आणि ते चालवायला माणूस मिळत नाही अशी त्याची तक्रार आहे. मुलाने तिथे विचारून पाहिले. मालक म्हणाला, सहा महिने शीक, पण त्या काळात पगार मिळणार नाही. घरी बँकेचा हप्ता आहे. गोष्ट तिथेच थांबली आहे. तिचा शेवट मला गोड करून सांगता येत नाही.

पुन्हा निकाल लागेल आणि माझ्या दारात रांग लागेल. शिफारसपत्रे मी देईन. ती नाकारून मुलांचा हक्क मारण्याचा मला अधिकार नाही. परंतु यापुढे कागदावर शिक्का उमटण्याआधी समोरच्या खुर्चीत बसलेल्या आई-बापांना मी विचारणार आहे: तुमच्या मुलाला तिथे शिकवणार कोण? उत्तर माहीत नसेल तर आधी जाऊन पाहून या. शाई वाळून जाणार नाही, मी थांबतो.